फणसोपकर सरांचा विषय

फणसोपकर सरांना भेटणारा प्रत्येक नवा माणूस एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही इस्रायलचाच अभ्यास का करता? सर माणूस बघून उत्तर देत. प्राचार्यांना म्हणत, "नवा देश आहे, कागदपत्रं ताजी आहेत." वर्गातल्या मुलांना म्हणत, "परीक्षेला येत नाही म्हणून." एकदा मिरकरवाड्यात बांगडे घेताना एका ओळखीच्या लाँचवाल्याने हेच विचारलं, तेव्हा सर पिशवी सावरत म्हणाले, "माझे शेजारी तिकडे राहायला गेलेत. कसे आहेत, बघायला नको?"

हे शेवटचं उत्तर खरं होतं. पण तो लाँचवाला हसला, आणि सरही त्याच्याबरोबर हसले.

याकूब फणसोपकर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि मी मराठी. ऐंशीच्या सुमारास मी रत्नागिरीत नोकरीला आले, तेव्हा राजिवड्याच्या वरच्या अंगाला त्यांच्याच पाणंदीत मला खोली मिळाली. त्यामुळे सकाळी कॉलेजचा चढ आम्ही बहुतेक वेळा बरोबरच चढायचो. सर उंच, हाडकुळे, नेहमी पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. बोलता बोलता मध्येच थबकायचे. "थांबा बाई, हे नीट नाही झालं. पुन्हा सांगतो," असं म्हणून आधीचं अख्खं वाक्य मोडून नव्याने जुळवायचे. चढावर थांबायला मला बरंच वाटे. पण पहिल्या तासाला उशीर झाला की प्राचार्य दोघांकडेही घड्याळ बघून बघत.

त्यांचं आजोळ कुलाबा जिल्ह्यात होतं. लहानपणी प्रत्येक सुट्टी तिथे. आजोळच्या घराला लागून आवासकरांचं घर होतं. आवासकर म्हणजे शनिवार तेली, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. त्या घरातला एलिजा सरांच्याच वयाचा. दोघे मिळून खाजणात खेकडे पकडायला जात. एलिजाला ते खायची बंदी होती, म्हणून सगळे खेकडे सरांच्या आजीकडे येत आणि त्या बदल्यात एलिजाची आई सणाला सरांसाठी मलिदा राखून ठेवी. एका सुट्टीत सर गेले तर घाण्याला कुलूप होतं. आवासकर मंडळी बोटीने आपल्या नव्या देशात गेली होती.

"कोणी काही सांगितलंच नाही हो," सर म्हणाले होते. "आजी म्हणाली, गेले. कुठे गेले, तर त्यांच्या मुलखात. मी म्हटलं, मग हा कोणाचा मुलूख होता?"

तिथून सुरुवात. मुंबईत एम.ए. करताना त्यांनी त्या समाजातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे हिब्रू शिकून घेतलं. अरबी त्यांना मदरशातून थोडं येतच होतं. तिकडे गेलेल्या मराठी माणसांना कुठे वसवलं, कसली कामं दिली, पहिल्या पिढीने भाकरी सोडून पाव कधी पत्करला, यावर मिळेल ते ते गोळा करत. विषयाचं पूर्ण नाव ते एका दमात सांगत: आधुनिक इस्रायलचा इतिहास आणि समाज. मग दम घेऊन म्हणत, "त्यातला समाज महत्त्वाचा."

वर्गात त्यांची एक रीत होती. पश्चिम आशिया शिकवायला घेतला की ते फळ्यावर नकाशा काढत आणि ज्या गावाचं नाव बदललेलं असेल, त्याच्या टिंबाशेजारी दोन नावं लिहीत. आधीचं आणि आताचं. मुलांना सांगत, "उत्तरात दोन्ही लिहायची. एकच लिहिलंत तर अर्धे मार्क." लेबनॉनमध्ये लढाई पेटली त्या पावसाळ्यात एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?"

"बस खाली," सर शांतपणे म्हणाले. "हजेरी घेताना मी तुला विचारतो का, तू कोणाच्या बाजूचा? आहेस का एवढंच विचारतो. मी इतिहासाला तेवढंच विचारतोय. इथे कोण होतं, आता कोण आहे."

त्या उत्तराची कॉलेजात आठवडाभर चर्चा झाली. स्टाफरूममधल्या काहींना वाटलं, हा आतून त्या अरबांचाच वकील. राजिवड्याच्या मोहल्ल्यातल्या काहींना वाटलं, हा यहुद्यांचं गुणगान करतो. सरांच्या कानावर दोन्ही आलं. "म्हणजे धडा बरोबर शिकवला गेला," असं ते मला म्हणाले खरे, पण त्या दिवशी उरलेला चढ ते कुठेही न थांबता चढले.

विद्यापीठात एम.ए.ला या विषयाची एक ऐच्छिक प्रश्नपत्रिका सुरू व्हावी, हे त्यांचं पहिलं स्वप्न. पुढे एक छोटं अभ्यासकेंद्र, चार खुर्च्या, एक कपाट, दोन संशोधक विद्यार्थी. आपल्या देशातून इतकी माणसं तिकडे गेली, त्यांचा अभ्यास आपण नाही करायचा तर कोणी करायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी अभ्यासक्रम तयार केला, कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिला आणि विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीपुढे ठेवला. त्याच दिवशी मराठीच्या मंडळाचीही बैठक होती, म्हणून आम्ही एकाच एस.टी.ने गेलो. माझं काम लवकर आटोपलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं होतं. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

कोणी रागावलं नाही, की कोणी वाद घातला नाही. अध्यक्ष म्हणाले, विषय फार चांगला आहे, पण त्या देशाशी आपले पुरते संबंध नाहीत, शिवाय मार्गदर्शक कोण? सर म्हणाले, "मी आहे."  मग एक वयस्कर गृहस्थ अगदी मायेने म्हणाले, "फणसोपकर, तुम्ही हुशार आहात. तुम्ही मोगल का घेत नाही? किंवा बहामनी? तुम्हाला ते सोयीचं जाईल."

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. परतीच्या गाडीत कशेडी घाट उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना वाटलं, ते माझं भलंच करतायत. हेच वाईट आहे बाई. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं."

पुढची काही वर्षं ते घरीच काम करत राहिले. हलीमाभाभी, त्यांची पत्नी, पावस गावच्या बागाईतदारांची मुलगी. तिने माळ्यावरची आंब्याच्या पेट्यांची जागा रिकामी करून तिथे सरांची पुस्तकं लावून दिली होती. "यांच्या एलिजाने माझे आंबे बाहेर काढले," असं ती म्हणायची. तिला हिब्रूतलं एक अक्षर कळत नसे. पण दर पावसाळ्यापूर्वी एकेक पुस्तक उन्हात घालून, फडक्याने पुसून ती पुन्हा वर ठेवी.

अशात सरांना परदेशातल्या एका विद्यापीठाच्या योजनेची माहिती मिळाली. आधुनिक इस्रायलचा इतिहास आणि समाज यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना तिथे वर्षभर राहून लिहिता येणार होतं. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च विद्यापीठाचा. मध्ये दोन महिने प्रत्यक्ष इस्रायलात जाऊन माणसांना भेटायची सोय. सरांनी अर्ज केला. मुंबईत मुलाखत झाली. परत आले ते आनंदात, पण कुठेतरी खटकलेलं दिसत होतं.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"अभ्यासाचं थोडं विचारलं. माझ्या धर्माचं पुष्कळ विचारलं." ते चप्पल काढून ओटीवर बसले. "मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्यासारखा अर्जदार आम्हाला आजवर मिळाला नव्हता, तुम्ही आमच्या समारंभांतून बोलाल का? मी विचारलं, कशावर? तर म्हणाल्या, स्वतःवर." थोडं थांबून त्यांनी वाक्य पुन्हा जुळवलं. "म्हणजे मला अभ्यासाला बोलावतायत की दाखवायला, ते कळलं नाही."

पण निवड झाली, आणि तेव्हा ही शंका मागे पडली. मी सरांना तेवढं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. संस्थेने रजा द्यायला बरेच आढेवेढे घेतले. संस्थेचे अध्यक्ष वकील होते, ते म्हणाले, "आमची शिक्षणसंस्था आहे, उगाच राजकारण नको." प्राचार्य स्वतः त्यांच्याकडे दोनदा जाऊन बसले, आणि अखेर बिनपगारी रजा मंजूर झाली. भाभीने सरांसाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. रत्नागिरीत स्वेटर विणता येणारी माणसं थोडी. ती एका कोल्हापूरच्या शेजारणीकडून शिकत होती.

स्वेटरची पाठ पुरी होत आली होती तेव्हा सरांचे थोरले भाऊ आले. त्यांना सगळे भाई म्हणत. वडील लवकर गेल्यावर भाईंनी बोटीवर खलाशाची नोकरी धरून सरांना शिकवलं होतं. त्यांचा मुलगा अन्वर कुवेतमध्ये एका कंपनीत नोकरीला होता आणि त्याच्या पैशावर दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. मी त्या संध्याकाळी भाभीबरोबर चुलीपाशी बसले होते. भाई ओटीवर बसून बोलत होते, आवाज न चढवता.

"याकूब, तू तिकडे जातस, चांगलं आहे. पण तुझ्या पासपोर्टावर त्यांचा शिक्का बसणार ना?"

"तो माझ्या पासपोर्टावर, भाई. अन्वरच्या नाही."

"आडनाव एकच आहे. तिकडे आपल्या गावचे लोक कमी आहेत काय? कोणीतरी बोलेल. अन्वरला विचारतील, तुझा चुलता कुठे आहे? मग तो काय सांगेल? अरबांच्या मुलखात त्याची नोकरी राहील काय?"

"असं काही होत नाही, भाई."

"नाही होत असं तू लिहून देतस काय?"

 सरांना अर्धवट ठाऊक असलेलं ठामपणे सांगता येत नसे. दुसरा कोणीही माणूस त्या क्षणी छातीला हात लावून म्हणाला असता, हो देतो लिहून. सर बराच विचार करून म्हणाले, "नाही. तसं मला सांगता येणार नाही."

"मग?" भाई म्हणाले. "मी तुला कधी काय मागितलं नाही, याकूब. आता मागतोय."

भाभीने भाकरी तव्यावरच करपू दिली. भाई जेवायला न थांबता गेले. सर आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ." जेवताना ते एकच वाक्य बोलले, माझ्याकडे बघून: "बाई, त्यांचं चुकलं असं तरी म्हणता आलं असतं तर बरं होतं."

त्यांनी नकार कळवला. योजनेचा नियम असा होता की एकदा नाकारणाऱ्याला पुन्हा अर्ज करता येत नसे. भाभीने स्वेटर पुरा केला, पण तो सरांनी कधी घातला नाही. रत्नागिरीच्या हवेत घालायची वेळही येत नाही.

पुढल्या वर्षी अन्वरची कंपनी आपणहून बंद पडली. तो टेप, टीव्ही आणि दोन मोठ्या पेट्या घेऊन घरी आला, बाजारपेठेत त्याने व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं आणि परत काही गेला नाही. काकांनी काय सोडलं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सर कधी त्या दुकानावरून गेले तर तो आदराने खुर्ची पुढे करी. सर दोन मिनिटं बसत, धंद्याची चौकशी करत आणि उठत.

मला वाटलं होतं, यानंतर ते काम सोडतील. त्यांनी सोडलं नाही. उलट त्यांचा माळ्यावरचा दिवा जास्त वेळ जळू लागला. पुस्तक लिहायचंच, मराठीत लिहायचं, इथे बसून लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि त्याच सुमारास एलिजा आवासकर भारतात येत असल्याचा निरोप मुंबईच्या नातेवाइकांकडून आला. तीस-पस्तीस वर्षांनी. तो कुलाब्याचं गाव बघून खास सरांना भेटायला रत्नागिरीला येणार होता.

भाभीने घर सारवून घेतलं. एलिजाला काय चालतं, काय चालत नाही, हे सरांनी तिला पुन्हापुन्हा समजावलं. नवी भांडी आणली. मासे फक्त खवल्यांचे. सरांनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

एलिजा आला तो रुंद, टकला, उन्हाने रापलेला माणूस होता. तिकडच्या एका लहान गावात, कारखान्यात फोरमन. दारात उभा राहून त्याने सरांना इतका वेळ मिठी मारली की भाभी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. त्याची मराठी आमच्यापेक्षा जुनी होती. "तुमच्या आजीच्या हातचे घावन अजून जिभेवर आहेत रे याकूब," असं तो म्हणाला आणि सर लहान मुलासारखे हसले. दोघे खाजणाबद्दल बोलले, घाण्याच्या बैलाबद्दल बोलले, बोटीत एलिजाच्या आईला लागलेल्या ओकाऱ्यांबद्दल बोलले. पोचल्यावर पहिल्या वर्षी तंबूत राहिले, रोज पावाला रांग, त्याच्या बापाने ज्या हातांनी तेल काढलं त्यांनी दगड वाहिले. सर ऐकत होते. इतकी वर्षं पुस्तकांत शोधलेलं सगळं समोर बसून बोलत होतं.

मग भाभीने विचारलं, मुलंबाळं किती?

"दोन मुली," एलिजा म्हणाला. "मुलगा होता. लेबनॉनच्या लढाईत गेला."

 भाभीने डोळ्याला पदर लावला. सरांनी एलिजाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कुठे ठेवलंत त्याला?" त्यांनी विचारलं.

एलिजाने आपल्या गावाचं नाव सांगितलं. तिथेच, टेकडीच्या उतारावर, घरातून थडगं दिसतं.

आणि सर म्हणाले, "थांब, ते गाव... त्याचं आधीचं, अरबी नाव वेगळं होतं. तुला ठाऊक आहे का?"

मी त्यांना ओळखत होते, म्हणून सांगते, त्यात टोचणी नव्हती, वाद नव्हता. त्यांच्या मनात त्या गावाचा नकाशा उघडला होता, बस. मित्राच्या मुलाची जागा त्यांना त्या नकाशावर नीट मांडायची होती. त्यांच्या लेखी तो आदर होता. पण एलिजाने सरांचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला.

"मी माझं पोर तिथे पुरलंय, याकूब," तो म्हणाला. "तू मला जागेचं आधीचं नाव सांगतोस?"

"माझा तसा अर्थ नव्हता."

"मग कसा होता? सगळं जग आम्हाला हेच सांगतं. वाटलं होतं, एक घर असं आहे जिथे कोणी सांगणार नाही."

सर म्हणाले, "थांब. नीट नाही झालं. पुन्हा सांगतो." पण पुढचं वाक्य त्यांना जुळलं नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.  एलिजाने भाभीला हात जोडले, म्हणाला, "वहिनी, माफ करा, जेवण जात नाही." संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीने तो गेला. सर त्याला स्टँडवर सोडायला गेले. दोघे स्टँडवर शेजारी शेजारी बसून होते आणि रस्त्याकडे बघत होते, असं मला नंतर आमच्या कॉलेजच्या शिपायाने सांगितलं. गाडी सुटताना एलिजाने खिडकीतून हात बाहेर काढला. सरांनी तो धरला की नाही, हे त्या शिपायाला दिसलं नाही.

त्यानंतर सरांनी खरंच सोडलं. गाजावाजा न करता. माळ्यावर जाणं बंद झालं. पश्चिम आशिया शिकवायचं काम त्यांनी एका नव्या प्राध्यापकाकडे दिलं आणि स्वतः वेळापत्रकाची, परीक्षेची कामं मागून घेतली. ती ते चोख करत. भाभीने एका पावसाळ्यापूर्वी पुस्तकं उन्हात घातली, दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी तिची आई पावसला आजारी होती म्हणून राहून गेलं, आणि तेवढ्यात वाळवी लागली. ती रडत मला सांगायला आली. सरांनी मात्र खालून एकदा वर बघितलं, "भिंतीलाही लागेल, रॉकेल मारून घे," म्हणाले, आणि कॉलेजला निघाले. आता चढावर ते कुठेही थांबत नसत. मला त्यांच्या चालीने चालणं जमेना, म्हणून मी हळूहळू वेगळी जाऊ लागले.

लवकर सेवानिवृत्ती घेऊन ते दोघे भाभीच्या माहेरी पावसला राहायला गेले. दशक संपत आलं होतं. एक दिवस उत्तरेकडच्या एका विद्यापीठातली मराठी मुलगी कॉलेजात आली. तिथे म्हणे आता या विषयाला शिष्यवृत्ती मिळू लागली होती, आणि तिला कोकणातून गेलेल्या कुटुंबांवर काम करायचं होतं. कोणीतरी तिला फणसोपकर सरांचं नाव सांगितलं होतं. मी तिला घेऊन पावसला गेले.

सर अंगणात काथ्याच्या बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. त्यांनी मुलीला बसायला सांगितलं, भाभीने कोकम सरबत दिलं. मुलगी उत्साहाने बोलत होती. तिला काय काय विचारायचं होतं ते तिने सांगितलं, आणि तिचे प्रश्न चांगले होते, मलाही कळत होतं. सरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. तिचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "तो विषय मला येत नाही."

"पण सर, सगळे म्हणतात..."

"पूर्वी थोडं वाचलं होतं. आता काही आठवत नाही." स्वर अगदी सौम्य होता. "तुम्हाला स्टँडला जायचं असेल तर देवळापाशी गाडी मिळेल. आत्ता निघालात तर मिळेल."

मुलगी माझ्याकडे बघत उठली. ती कुंपणाच्या बेड्याबाहेर, रस्त्यावर पोचेपर्यंत सर थांबले. मग मला म्हणाले, "बाई, तिला खरंच शिष्यवृत्ती दिलीय?"

"हो. तिच्या विद्यापीठानेच."

"चांगलं झालं." ते बराच वेळ माडांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काही सांगतील. मी बसून राहिले. बाहेरून मुलीने मला हाक मारली, गाडीचा हॉर्न वाजला.

"तिला एवढं सांगा," सर म्हणाले, "तिकडे गेलेल्यांपैकी कोणी भेटायला आलं, तर त्यांना काही विचारू नको म्हणावं. जेवू घाल म्हणावं."

मी धावत गाडी गाठली. मुलगी खिडकीपाशी बसून वहीत विचारायच्या प्रश्नांची यादी लिहीत होती. तिने विचारलं, सर काही म्हणाले का? मी म्हटलं, काही नाही.